वहिवाट कोणाची?

सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो मालक, एवढ्या सूत्रावर ज्याचा व्यवहार चालतो त्या समाजाला जमिनीची प्रत्यक्ष वहिवाट कोणाची होती, हा प्रश्न सहसा पडत नाही. आणि अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या प्रेअरी या अफाट तृणभूमीची गेल्या दीडशे वर्षांची कहाणी ही या न पडलेल्या प्रश्नाचीच कहाणी आहे.

२० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्यास १६० एकरांची सनद नाममात्र फीवर मिळू लागली. दफ्तरी ही जमीन रिकामी होती. प्रत्यक्षात मात्र बायसनांचे प्रचंड कळप ऋतुमानाप्रमाणे तिच्यावर फिरत आणि त्यांच्या मागोमाग लाकोटा, शायेन आदी आदिवासी टोळ्यांची बिऱ्हाडे हलत. बायसन मातीत लोळे, त्या लोळण्याने पडलेल्या उथळ खळग्यात पावसाचे पाणी साचे आणि त्याच्या काठाने निराळ्याच वनस्पती उगवत. न नांगरलेल्या रानांत असे जुने खळगे अजूनही दिसतात. वहिवाटीचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्या मामलेदाराने मागावा?

पुढे रेल्वे आली, १८७१ च्या सुमारास बायसनाचे कातडे कमावण्याची युक्ती कारखानदारांना साधली आणि कोट्यवधींचा हा प्राणी १८८९ पर्यंत हजाराच्या घरात आला. टोळ्या राखीव प्रदेशांत कोंडल्या गेल्या. नव्या वसाहतवाल्यांना दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण लाकडाअभावी मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेपांच्या भिंती रचून त्यांनी हिवाळे काढले. परंतु ज्या मुळांनी त्यांच्या भिंती धरल्या, त्यांनीच ती माती धरली आहे, हे नांगराला कळले नाही. अवर्षण पडताच ती माती उडाली, १४ एप्रिल १९३५ रोजी भरदिवसा काळोख झाला आणि १९४० पर्यंत सुमारे २५ लाख माणसे प्रेअरीतली राज्ये सोडून गेली.

१९८७ मध्ये फ्रँक आणि डेबोरा पॉपर या अभ्यासक दांपत्याने ओस पडत चाललेला भाग पुन्हा बायसनांना द्यावा, अशी सूचना केली, तेव्हा तेथील शेतकरी खवळले. बायसन परतावा, हे मला मान्य आहे. तथापि जेथे चार घरांत अजून चूल पेटते त्या गावालाही रिकामे म्हणणे, ही १८६२ चीच चूक उलट्या बाजूने करणे होय. १९९२ पासून अनेक आदिवासी राष्ट्रे एकत्र येऊन आपापल्या भूमीवर कळप आणीत आहेत, तो मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. कारण तेथे जनावरासाठी माणूस उठवावा लागत नाही, उलट दोघेही जुने वहिवाटदार बरोबरच परततात.

म्हणून उद्या कोणी, नांगरासाठी असो वा निसर्गासाठी, नकाशावर 'रिकामी' असा शेरा मारू लागला, तर त्याने आधी त्या रानात जाऊन पायाखालचा खळगा पाहावा आणि शेजारच्या घराचे दारही ठोठवावे.