तंजावरचा राजा आणि ओसाकाचा प्रेक्षक

परवां आमच्या नातवाच्या वाचनांत जपानच्या 'गेन्रोकु' युगाचें नांव आलें. इ. स. १६८८ ते १७०४ हा काळ जपानी साहित्याचा व नाट्याचा मोठ्या भरभराटीचा गणला जातो. "आजोबा, त्या वेळीं आपल्याकडे काय चाललें होतें?" असें त्यानें विचारलें. "लढाई!" असें उत्तर देऊन आम्ही मोकळे झालों. १६८९ त संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराज जिंजीस गेले आणि औरंगजेब दक्षिणेंत ठाण मांडून बसला. तेव्हां उत्तर खोटें नव्हतें. परंतु तें अपुरें होतें, हें रात्रीं ध्यानांत आलें.

त्याच वर्षांत कावेरीकांठीं तंजावरास एका मराठी राजाची सभा विद्येनें गजबजली होती. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी यांचे पुत्र शहाजी राजे यांनीं तेथें १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केलें. १६९३ त त्यांनीं तिरुविशनल्लूर हें गांव सुमारें पंचेचाळीस विद्वानांस अग्रहार दिलें. रामभद्र दीक्षित त्यांपैकींच. राजांच्या नांवावर तेलुगु रचना आहेत, तसेंच 'लक्ष्मीनारायणकल्याण' हें १६९० च्या सुमाराचें मराठी नाटकहि आहे. सांगलीस विष्णुदास भावे यांचें 'सीतास्वयंवर' झालें १८४३ त. म्हणजे त्याच्या दीडशें वर्षें आधीं!

असें असतां भाव्यांस नाटकाची प्रेरणा मिळाली ती कर्नाटकांतून आलेल्या खेळांवरून, तंजावरावरून नव्हे. तंजावरचीं नाटकें दरबारापुरतीं राहिलीं, आणि पुढें सरस्वती महालाच्या बाडांत विसावलीं.

जपानांत निराळें घडलें. तेथें दीर्घ शांततेमुळें ओसाकाच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पैसा आला. सैकाकूच्या कथा लांकडी ठशांवर छापून विकल्या जात. चिकामात्सूनें १७०३ त एका दुकानांतील नोकर व त्याची प्रिया यांच्या खऱ्याखुऱ्या आत्महत्येवर बाहुल्यांचें नाटक रचलें, आणि तें पाहण्यास पैसे देऊन लोक लोटले. तो नाट्यप्रकार ओसाकांत आजहि जिवंत आहे. राजाश्रयाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं; त्यावांचून तंजावर झालेंच नसतें. पण राजाचें दान राजाबरोबर संपतें. घरोघरचा आश्रय पिढ्यान्‌पिढ्या चालूं शकतो.

दुसरे दिवशीं नातवास हें सर्व सांगून आम्हीं उत्तर दुरुस्त केलें. त्यावर तो म्हणाला, "मग आजोबा, आपण मराठी पुस्तकें किती विकत घेतलीं?"

आम्हीं उभा जन्म शाळेच्या पुस्तकालयावर निभावला. विकत घेतलेलीं पुस्तकें एका फळीवर मावतात. आमच्या घाटंजीस कापूस विकला कीं घरोघर पैसा येतो, आणि कापड, भांडीं, सोनें यांची यादी होते. त्या यादींत यंदा एक मराठी पुस्तक लिहावें, असें आम्हीं ठरविलें आहे. वाचकहो, आपल्या घरच्या यादींतहि तें असावें, एवढीच विनंति.