प्रबंध ऑनलाइन आहे, पण सापडतो का?

पीएचडी करणारं कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत असेलच. पाच-सहा वर्षं त्या माणसाला लग्नाकार्यात एकच प्रश्न विचारला जातो, "झालं का तुझं?" एकदाचं होतं. पेढे वाटले जातात. पण त्यानंतर प्रबंधाचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

पूर्वी प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात काळ्या बाइंडिंगमध्ये धूळ खात पडायचा. २००९ साली यूजीसीने नियम केला, की पीएचडी दिल्यावर प्रबंधाची सॉफ्ट कॉपीही जमा झाली पाहिजे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने त्यासाठी 'शोधगंगा' उभी केली. आज तिथे काही लाख प्रबंध फुकट वाचता येतात. खाली सॉफ्टवेअर आहे डीस्पेस, एमआयटी आणि एचपी यांनी मिळून २००२ साली आणलेलं, ओपन सोर्स. म्हणजे सर्व्हर आहे, सॉफ्टवेअर आहे, नियमही आहे. मग अडलं कुठे?

अडलं मेटाडेटात. मेटाडेटा म्हणजे प्रबंधाची माहिती सांगणारी माहिती: शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विषय, भाषा, वर्ष वगैरे. आमच्या धंद्यात याला कुणी ग्लॅमर देत नाही. पण पीडीएफ कितीही चांगली असली, तरी शोधणारा तिच्यापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा या रकान्यांमधूनच.

आता मराठीतलं उदाहरण घ्या. समजा, कुणी ज्ञानेश्वरीवर प्रबंध लिहिला. नोंद करणाऱ्याने शीर्षक रोमन लिपीत टाकलं. 'ज्ञ' रोमनमध्ये कसा लिहायचा? मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, संस्कृतचा अभ्यासक जे-एन आणि हिंदीवाला जी-वाय. तिन्ही आपापल्या जागी बरोबर! पण शोधणारा यातलं एकच टाइप करणार आणि बाकीचे दोन प्रबंध त्याच्यासाठी नसल्यातच जमा.

बरं, देवनागरीत लिहिलं की सुटलो का? तर तसंही नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून भागवलं जायचं, आणि अजूनही अनेक जण तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे. त्यामुळे 'ॲरिस्टॉटल' शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेला ॲरिस्टॉटल भेटेलच, याची खात्री नाही.

तारखेचाही असाच घोळ. प्रबंध सादर केला एका वर्षी, पदवी मिळाली दुसऱ्या वर्षी, अपलोड झाला तिसऱ्याच. नुसतं 'तारीख' म्हटलं तर नेमकी कुठली? डब्लिन कोअर हे जगभर वापरलं जाणारं मेटाडेटाचं मानक. त्याच्या मूळ १५ घटकांत पदवी किंवा मार्गदर्शक यांना वेगळी जागाच नाही. म्हणून तर खास प्रबंधांसाठी ईटीडी-एमएस हे वेगळं मानक करावं लागलं. त्यात पदवीचं नाव, पातळी, विद्याशाखा आणि पदवी देणारी संस्था यांची सोय आहे.

कुणी म्हणेल, आता एआय आहे की! पीडीएफ वाचून करेल सगळं. करेल, पण अर्धंच. जुने मराठी प्रबंध एकतर स्कॅन केलेले, नाहीतर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. त्यातला मजकूर कॉपी करून बघा, भलत्याच रोमन अक्षरांची भेळ मिळते. आणि मजकूर नीट वाचता आला तरी, आपलं नाव कसं लिहावं, या विषयाला त्या क्षेत्रात काय म्हणतात, हे मशीन अंदाजाने सांगणार. संशोधकाला ते माहीत असतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. मेटाडेटा संशोधकाने स्वतः भरावा, आणि तोही व्हायव्हाच्या आधी. मार्गदर्शकाने तपासावा, ग्रंथपालाने मंजूर करावा. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकने १९९७ पासून इलेक्ट्रॉनिक प्रबंध सक्तीचा केला, तेव्हापासून तिथे विद्यार्थी स्वतःच फॉर्म भरून प्रबंध जमा करतो. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा शेवटी ग्रंथालयाच्या गळ्यात पडतं. त्या बिचाऱ्यांनी रसायनशास्त्रापासून लोकसाहित्यापर्यंत सगळ्याचे कीवर्ड कुठून आणायचे?

बाकी गोष्टी फार खर्चिक नाहीत. शीर्षक मूळ लिपीत, रोमनमध्ये आणि इंग्रजी भाषांतरात, तिन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवा. डीस्पेसमध्ये प्रत्येक नोंदीला भाषेची खूण लावायची सोय आहे, ती वापरा. नावासोबत ओआरसीआयडी क्रमांक द्या, म्हणजे एकाच आडनावाच्या दहा जणांत गोंधळ होणार नाही.

हा काही फक्त ग्रंथालयाचा प्रश्न नाही. इंग्रजीतला प्रबंध गचाळ नोंद असली तरी पूर्ण मजकुराच्या सर्चमध्ये कुठेतरी वर येतो. मराठीतल्या प्रबंधाला तो आधार पुष्कळदा नसतो. नोंद चुकली की तो गेलाच, आणि पाच वर्षांनी दुसरं कुणीतरी तेच काम पहिल्यापासून करत बसतं.

तेव्हा तुमच्या त्या पीएचडीवाल्या मित्राला किंवा मैत्रिणीला पुढच्या वेळी "झालं का?" विचारण्याऐवजी एवढंच सांगा, की शेवटी तो कंटाळवाणा फॉर्म येईल ना, त्याला अर्धा तास दे. ऑफिसातल्या माणसावर सोडू नकोस.