विजयदुर्गचे ग्रहण आणि प्रकाशविद्येचा वारसा

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर, विशेषतः देवगड तालुक्यात, एक समजूत आता दृढमूल झाली आहे. हेलियम या मूलद्रव्याचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण असताना नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यातील ओट्यांवर दुर्बीण रोवून सूर्यप्रकाशात ती नवी रेषा प्रथम पाहिली, असे ही समजूत सांगते. ते ओटे 'साहेबाचे ओटे' म्हणून पर्यटकांना दाखविले जातात. अलीकडच्या काळात १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होऊ लागला आहे. विजयदुर्गापासून मिठबावपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या मुलांचे शिक्षण होते, त्यांच्या कानी हे वाक्य अभिमानाचे म्हणून पडते. दुर्दैव असे की, ते वाक्य खरे नाही. आणि त्याहून मोठे दुर्दैव असे की, त्यामागे दडलेले खरे वाक्य अधिक अभिमानास्पद असूनही ते कोणी फारसे उच्चारीत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे. १८६८ च्या ग्रहणाची छाया हिंदुस्थानवरून गेली, हे निर्विवाद. फ्रान्सचे जान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांच्या फटींतून सूर्याकडे पाहत होते, तर मच्छलीपट्टणला पॉगसन होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून विभागून पाहिला असता तेजस्वी रेषा दिसतात, म्हणजेच त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्या रेषांत एक पिवळी रेषा होती आणि बहुतेकांनी तिला सोडियमची रेषा मानले. लॉकयर मात्र त्या दिवशी इंग्लंडातच होते. ते तेव्हा युद्ध खात्यात कारकुनी करीत आणि उरलेल्या वेळात आकाशाचा अभ्यास करीत. त्यांनी मागविलेला वर्णपटदर्शक त्यांच्या हाती पडला तोच ग्रहण उलटून गेल्यावर. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहणाशिवायच, भर सूर्यप्रकाशात, त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांनीही गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी हीच किमया साधली होती. दोघांचीही वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली आणि पुढे फ्रान्सने दोघांचीही मुद्रा असलेले पदक काढले. ती पिवळी रेषा सोडियमच्या जुळ्या रेषांशी जुळत नाही, हे लॉकयर यांच्या ध्यानी आले व ती एखाद्या अज्ञात द्रव्याची असावी असे अनुमान निघाले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते द्रव्य हाती यायला १८९५ साल उजाडले; विल्यम रॅमसे यांनी युरेनियमयुक्त खनिजातून ते वेगळे काढले.

कोकणच्या माणसाला तर या बाबतीत कागदपत्रांचीही गरज पडू नये. ऑगस्टचा मध्य म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळा. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, समुद्र खवळलेला असतो आणि चार चार दिवस सूर्याचे दर्शन घडत नाही. दोन-चार मिनिटांच्या ग्रहणासाठी सातासमुद्रापलीकडून येणारा कोणता शहाणा ज्योतिर्विद श्रावणात विजयदुर्गच्या बुरुजावर दुर्बीण मांडून बसेल? हा साधा प्रश्न कोणी स्वतःस विचारला असता, तरी दंतकथेचा पाया ढासळला असता.

मग लॉकयर विजयदुर्गला कधी आलेच नाहीत काय? आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी विजयदुर्गची निवड केली. जानेवारीतील कोकणचे निरभ्र आकाश त्यांना हवे होते. तोवर ते 'सर' झाले होते, 'नेचर' नियतकालिकाचे संस्थापक-संपादक म्हणून जगभर विख्यात होते आणि १८७१ च्या ग्रहणासाठी मलबार किनाऱ्यावरील बेकलच्या किल्ल्यावरही जाऊन आले होते. विजयदुर्गला ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमिनी' जहाजाचे अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते. लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांनी ग्रहणाच्या त्या सुमारे दोन मिनिटांत सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचे वर्णपट टिपले. या मोहिमेचा सविस्तर अहवाल लॉकयर, जहाजाचे कप्तान चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर यांच्या नावे लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला आहे. 'साहेबाच्या ओट्यां'चा साहेब इतिहासाला ठाऊक आहे तो हा, १८९८ चा.

त्याच ग्रहणाची छाया पुढे सोलापूरकडील जेऊरवरून आणि विदर्भातून गेली. तळणीला ब्रिटिश ज्योतिर्विद संघटनेची मंडळी होती, तर जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते. आणि जेऊरलाच, या सर्व परदेशीयांच्या बरोबरीने, आपला एक माणूस होता. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी वेधशाळा उभी केली होती. तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. जेऊरच्या वेधांचा त्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. ते दिवस कसे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुण्या-मुंबईत प्लेगने थैमान घातले होते, रँडचा वध होऊन सात महिने लोटले होते, आणि वेदकालाचे मोजमाप नक्षत्रांवरून करणारे लोकमान्य टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगीत तुरुंगात होते. अशा काळोख्या दिवसांत एक हिंदी प्राध्यापक आपली उपकरणे घेऊन जेऊरच्या माळावर उभा राहिला आणि त्याने सूर्यप्रकाशाचे पृथक्करण केले. हा आपला खरा वारसा आहे. त्या माणसाचे नाव आपल्या शाळांतून किती मुलांना सांगता येईल?

येथे कोणी म्हणेल, की एका दंतकथेने कोणाचे काय बिघडते? तिच्यामुळे किल्ल्याकडे चार माणसे येतात, खाणावळी चालतात, मुलांना विज्ञानाची गोडी लागते. हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटतो. परंतु तो विज्ञानाच्या मुळावरच घाव घालणारा आहे. हेलियमचा शोध म्हणजे काय? दोन पिवळ्या रेषा एकच आहेत असे बहुतेक जण म्हणत असताना, त्या एक नाहीत असे मोजून सांगण्याचे धैर्य. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, हेलियमची ५८७.६ वर. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या सूक्ष्म अंतराबद्दल आग्रह धरला म्हणून एक मूलद्रव्य सापडले. त्या शोधाचा उत्सव करताना तीस वर्षांच्या आणि अर्ध्या पृथ्वीच्या अंतराबद्दल आपण बेफिकीर राहावे, याहून मोठी विसंगती कोणती? आणि आज शाळेत हे ऐकलेला मुलगा उद्या महाविद्यालयात जाऊन खरी हकीकत वाचेल, तेव्हा त्याचा विश्वास केवळ त्या एका वाक्यावरून उडणार नाही. ते सांगणाऱ्या सर्वांवरून उडेल.

त्या पिवळ्या रेषेपासून निघालेली विद्या आज कोठवर पोहोचली आहे, हेही पाहण्यासारखे आहे. प्रकाशाचे रंग वेगळे करणे, हवा तो गाळून घेणे आणि नको तो अडविणे, हीच तिची मूळ प्रतिज्ञा. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये लावलेल्या शोधाची साधने तरी काय होती? सूर्यप्रकाश, द्रवाची कुपी आणि एकमेकींचा प्रकाश अडविणाऱ्या दोन रंगीत काचा. लेसरच्या शोधानंतर या विद्येत काळाचे परिमाणही मिळाले. प्रकाशाचा अखंड झोत वापरण्याऐवजी त्याचे अतिलघु स्पंद निर्माण करून निसर्गातील क्षणिक हालचाली टिपता येऊ लागल्या. २०२३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक आगोस्तिनी, क्राउझ आणि अ‍ॅन लुइलिए यांना मिळाले, ते अ‍ॅटोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्याही अब्जांशात मोजावयाच्या, प्रकाशस्पंदांसाठी. लेसरचा प्रखर झोत आरगॉन, निऑन, हेलियम यांसारख्या निष्क्रिय वायूत सोडला की, मूळ प्रकाशाच्या कित्येक पट कंपनांचा प्रकाश त्यातून बाहेर पडतो. मग केसाहून शेकडो पटींनी पातळ अशा धातूच्या पापुद्र्यातून तो गाळून घ्यावयाचा, म्हणजे मूळ लेसर अडतो आणि हवा तो स्पंद पुढे जातो. सूर्याने ज्याची वर्दी दिली, तो हेलियमही आज प्रकाश घडविण्याच्या कामी येतो आहे!

आणि हे सारे काही केवळ परदेशातच घडते असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिलघु स्पंदांच्या शक्तिमान लेसरवर संशोधन चालते. इंदूरला १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या लेसर संशोधन केंद्राची उभारणी डॉ. दिलीप भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली झाली. सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या 'आदित्य-एल१' यानावरील सौर अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात अकरा निरनिराळ्या फिल्टरांतून ती सूर्याची चित्रे घेते. ज्या प्रकाशाचा मोठा भाग ओझोनचा थर जमिनीवर पोहोचू देत नाही, तो ती वातावरणाबाहेर राहून टिपते. त्याच यानावरील बंगळूरच्या संस्थेचे उपकरण तर सूर्यबिंब झाकून कायमचेच खग्रास ग्रहण घडविते. लॉकयर आणि नायगमवाला यांना ज्या दोन मिनिटांसाठी महिनोन्‌महिने तयारी करावी लागली, ती आता अहोरात्र उपलब्ध आहेत.

परंतु पुण्याच्या या यशाला एक खिन्न पार्श्वभूमीही आहे. नायगमवालांची वेधशाळा १९१२ मध्ये, त्यांच्या निवृत्तीबरोबर बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. एक माणूस निवृत्त झाला आणि एक विद्या शहरातून उठून गेली. पुण्यात १९८८ मध्ये 'आयुका' स्थापन होईपर्यंत मधली पाऊणशे वर्षे लोटली. विद्या व्यक्तीच्या आधाराने उभी राहते खरी, पण ती टिकते ती परंपरेने. आणि परंपरा म्हणजे स्मारकशिला नव्हे. आपल्यामागून येणारा तेच काम पुढे चालवू शकेल अशी व्यवस्था, हाच तिचा अर्थ.

म्हणून विजयदुर्गचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. हेलियम दिन बंद करावा असे येथे सुचवावयाचे नाही. तो अवश्य व्हावा. मात्र त्या दिवशी गुंटूर, जमखंडी आणि लंडन यांची खरी हकीकत सांगितली जावी. किल्ल्यावरील ओट्यांपाशी १८९८ हे साल स्पष्ट अक्षरांत लिहिले जावे आणि लॉकयर यांच्या शेजारी नायगमवालांचे नाव असावे. आणि २२ जानेवारी हा दिवस किनाऱ्यावरील शाळांनी प्रयोगाचा दिवस म्हणून पाळावा. त्या वेळी आकाश स्वच्छ असते, शाळा चालू असतात आणि इतिहासही त्याच बाजूने आहे.

प्रयोग कोणता, हे शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. मिठबावसारख्या, नावातच मीठ वागविणाऱ्या गावात तर मुळीच नाही. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाची चिमूट टाकली की ज्योत पिवळी होते. तो सोडियमचा पिवळा. शेजारी हेलियम भरलेली काचेची नळी विजेवर पेटविली की तिच्या प्रकाशातही पिवळी रेषा येते. दोन्ही रेषा शाळेच्या चांगल्या वर्णपटमापीतून एकामागून एक पाहाव्यात आणि त्यांचे कोन वहीत लिहावेत. त्या एक नाहीत, हे चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. १८६८ मध्ये जे भल्याभल्यांच्या नजरेतून निसटले, ते तिला स्वतः मोजता येईल. एक वर्णपटमापी आणि एक नळी यांना येणारा खर्च उत्सवाच्या मंडपापेक्षा आणि ध्वनिक्षेपकापेक्षा फार असेल असे वाटत नाही. प्रत्येक शाळेला ते परवडत नसेल, तर पाच-सहा गावांनी मिळून एक संच फिरता ठेवावा.

शाळेच्या छपरातून पाणी गळत असताना आणि शिक्षकांची पदे रिकामी असताना वर्णपटमापीचा आग्रह कशाला, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. छप्पर आणि शिक्षक आधी हवेतच. पण छप्पर नाही म्हणून प्रयोग नाही, हा नियम एकदा मान्य केला की पुढे छप्पर होते आणि प्रयोग कधीच होत नाही, हा आपला अनेक वर्षांचा अनुभव आहे. शिवाय या किनाऱ्यावरील मुलांना प्रकाशाचे ज्ञान केवळ परीक्षेपुरते लागत नाही. रात्रीच्या अंधारात एलईडी दिव्यांचे झोत पाण्यात सोडून मासळी ओढून घेणाऱ्या नौकांनी पारंपरिक मच्छिमारांच्या पोटावर पाय आणला आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. ज्यांच्या उपजीविकेचा तंटाच प्रकाशावरून आहे, त्यांच्या मुलांना पाण्यात कोणता रंग किती खोल जातो हे माहीत नसणे, ही केवळ शैक्षणिक उणीव नव्हे.

विजयदुर्गला साहेब आला, त्याने आपली उपकरणे मांडली, दोन मिनिटांचा प्रकाश टिपला आणि तो निघून गेला. आपल्याकडे ओटे राहिले. त्या ओट्यांची पूजा करावयाची, की त्यांच्यावर पुन्हा एकदा उपकरण मांडावयाचे, याचा निर्णय साहेबाने करावयाचा नाही. तो देवगड तालुक्याने करावयाचा आहे. आरंभ एका फलकावरील साल दुरुस्त करण्यापासून झाला, तरी तो आरंभ योग्य दिशेने झाला असेच म्हणावे लागेल.