शिष्य आणि शिरगणती

गेल्या गुरुपौर्णिमेला आमच्या गायनवर्गातील एका मुलीने रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे भजन म्हणायचे ठरविले होते. मुलगी ख्रिस्ती नव्हे. भजन तिच्या आजीच्या वहीत सापडले. एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, हा धर्मप्रचार तर नव्हे ना?" वाद नको म्हणून मी भजन कार्यक्रमातून काढले. ते मनाला लागून राहिले आहे, म्हणून हे चार शब्द.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायाअखेर येशू अनुयायांना सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची आज्ञा देतो. ही आज्ञा केवळ पहिल्या प्रेषितांपुरती नाही, असे विल्यम कॅरीने १७९२ साली पुस्तिका लिहून प्रतिपादले. पुढे त्यानेच श्रीरामपुरास १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. तेव्हा या आज्ञेचे थोडे ऋण आपल्या भाषेवरही आहेच.

आपल्या मध्य प्रदेशात या विषयावर पहिला कायदा १९६८ साली झाला. घटनेतील धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो वैध ठरविला. २०२१च्या नव्या कायद्याने धर्मांतरापूर्वी ६० दिवस जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याची अट घातली. स्वेच्छेने विवाह करणाऱ्या सज्ञानांवर या अटीच्या भंगाबद्दल खटले भरू नयेत, असा अंतरिम आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये दिला.

बळजोरी, फसवणूक वा आमिष यांना आडकाठी हवीच; त्याबद्दल दुमत नसावे. पण मी दरबारी गवयाचा मुलगा. वडिलांकडे कोणी गंडा बांधायला आला की ते म्हणत, "गंडा एका दिवसात बांधून होतो, शिष्य व्हायला बारा वर्षे लागतात." ६० दिवसांची मुदत मोजता येते ती गंड्याच्या दिवसापासून. मनाचा कल कधी फिरला, हे खुद्द त्या माणसालाही पुष्कळदा सांगता येत नाही, तर ते दप्तरात कसे नोंदविणार? आणि बाप्तिस्म्यांचे आकडे मिरवणारे मिशनही हीच चूक करते. आज्ञा शिष्यांची आहे, शिरगणतीची नव्हे.

टिळकांना हे उमगले होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना केवढे सोसावे लागले, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. हे ख्रिस्ती लोकांतही सर्वांना रुचले नाही; पण शिष्यत्व आणि नोंदवही यांतला भेद त्यांनी जगून दाखविला.

त्या पालकांची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. भोवतालची हवाच तशी आहे. पण कानावर पडलेल्या भजनाने मुलगी कोणाची शिष्या होत नाही. झालीच तर ती सुरांची. हे त्यांना त्याच वेळी सांगायला हवे होते. येत्या गुरुपौर्णिमेला ते भजन होईल. आणि मी आधीच त्यांच्या घरी जाऊन तसे सांगणार आहे.