श्रेष्ठ योद्धा कोण?

१९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट निघाला. पुढे त्याची एक मालिकाच झाली. ग्रहाग्रहांवर चालणाऱ्या युद्धाची ही कल्पित कथा. तीतील सर्वश्रेष्ठ योद्धा कोण, यावर मुलांचे वाद अजूनही रंगतात.

कोणी काळ्या चिलखतातील डार्थ व्हेडरचे नाव घेतो. त्याचे बळ अफाट खरे. परंतु तो दुष्ट सम्राटाचा चाकर. चाकराला फार तर बलवान म्हणावे! कोणी वृद्ध गुरू योडाचा पक्ष घेतो. दलदलीत बुडालेले विमान केवळ मनोबळाने वर काढणारा हा बुटका गुरू थोर आहे, यात शंका नाही.

तरीही हा मान ल्यूक स्कायवॉकरलाच द्यावयास हवा. १९८३ च्या चित्रपटात त्याचे व्हेडरशी निकराचे द्वंद्व होते. व्हेडर आपला पिता आहे, हे त्यास ठाऊक असते. तरी व्हेडर बहिणीचा विषय काढताच तो संतापाने बेभान होतो आणि पित्याचा हात तोडतो. तो हात यंत्राचा निघतो. ल्यूक स्वतःच्या हाताकडे पाहतो, तोही यंत्राचाच! आणखी एक पाऊल, की आपणही दुसरे व्हेडर होऊ, हे त्याच्या ध्यानी येते. सम्राट त्याला चेतवीत असतो. ल्यूक मात्र आपली प्रकाशाची तलवार दूर भिरकावतो. सम्राट विजेचे लोळ सोडून त्याला छळू लागतो, तेव्हा व्हेडरच सम्राटास उचलून खोल विवरात फेकतो.

शस्त्र टाकणारा योद्धा कसला, असे कोणी विचारील. परंतु ल्यूकने तलवार टाकली ती द्वंद्व जिंकल्यावर, आणि समोर शत्रू उभा असताना.