आज्जीचे वय कोणी मोजायचे?

परवा माझ्या आयुष्याचे ७००० दिवस पुरे झाले. हा हिशेब माझा नव्हे, मैत्रिणीच्या मोबाईलचा. जन्मतारीख घातली की वय दिवसांत कळते, जन्माचा वार कळतो, त्या तारखेला कोण थोर माणूस जन्मला तेही समजते. मोठी गंमत वाटली. घरी येऊन मी घरच्यांचाही हिशेब मांडायला बसले.

वडिलांची तारीख १ जून. शेजारच्या काकांची १ जून. समोरच्या मामांचीही १ जूनच! शाळा जूनमध्ये सुरू होत. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी त्याला सहा वर्षांचा धरत आणि १ जून लिहून नाव घालत. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या दिवशीच निवृत्त होतो. म्हणून तर ३१ मे रोजी एवढे निरोपसमारंभ! आपण यावर विनोद करतो. पण गुरुजींनी निदान मुलाकडे पाहून तरी वय ठरवले होते.

आज्जीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ती शाळेत गेलीच नाही. ओळखपत्राच्या शिबिरात तिला जन्मसाल सांगता आले नाही आणि कागदावर १ जानेवारी १९६८ पडले. मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "भुकंप झाला तवा माझं म्होरलं दात पडलं हुतं. आयनं हाताला धरून भाईर वढलं. थंडीनं कापत हुते, पर वाजवायला दातच नव्हतं!"

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी, सोमवारी पहाटे झाला. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. म्हणजे आज्जीचा जन्म १९६० च्या आगेमागे. आणि कागद म्हणतो, ती भूकंपानंतर २१ दिवसांनी जन्मली!

हेही हसण्यावारी नेले असते. परंतु श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाला ६५ वर्षे पुरी असावी लागतात. आज्जीच्या दातांच्या हिशेबाने ती २०२५ च्या सुमारास पुरी होतात, कागदाच्या हिशेबाने २०३३ मध्ये. जन्मभर लोकांच्या रानात खुरपणी केली, विट्यात आल्यावर यंत्रमागाच्या कांड्या भरल्या, त्या बाईने आणखी आठ वर्षे थांबायचे!

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका खटल्यात सांगितले की, आधारकार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. तेथे शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला गेला. योग्यच झाले. पण जिने शाळेची पायरीच पाहिली नाही, तिने कोणता दाखला आणायचा?

अडाणी माणसाला काळ मोजता येत नाही, हा आपला समज खोटा आहे. आज्जीला सारे आठवते. धाकटा भाऊ बहात्तरच्या दुष्काळात झाला, तेव्हा तिची आई खडी फोडायच्या कामावर होती. तिचे पंचांग वेगळे आहे, इतकेच. कोणी म्हणेल, अशाने कोणीही वय वाढवून सांगेल. एक आठवण खोटी सांगता येईल. चार आठवणी एकमेकींशी जुळवून सांगणे अवघड आहे. अशा आठवणी कचेरीत ऐकून, पडताळून, लिहून घेतल्या जाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि हे काम आधी आपले आहे. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकून मला माझा जन्मवार कळला, पण आज्जीचे वय मोजायचे सुचायला एकोणीस वर्षे लागली! तिचे दिवस चोवीस हजारांच्या आसपास भरतात, असे मी सांगितले, तर ती म्हणाली, "त्यातलं बसून किती खाल्लं, त्ये बी बघ की तुझ्या मोबाईलात."

मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत आपापल्या आज्जी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. भूकंप, दुष्काळ, लग्न, पहिले मूल, सारे क्रमाने लिहून घ्या. सांगणारी माणसे आहेत तोवरच हा हिशेब जुळणार आहे.

(द्वितीय वर्ष, कला)