कप म्हणजे कला नव्हे?

प्रदर्शनात मातीचं शिल्प दिसलं की आपण हात मागे बांधून गंभीर होतो. शेजारचा कप उचलून मात्र विचारतो, "कपाला एवढे पैसे?" ही वाटणी केली कुणी? मातीनं नक्कीच नाही.

पाँडिचेरीत १९७१ साली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी 'गोल्डन ब्रिज पॉटरी' सुरू केली. स्मिथबाई जेवणाखाण्याची भांडी घडवत, मीकर मोठाली शिल्पं. त्यांनी तर मातीची अख्खी घरं बांधून जागेवरच भाजली! भांडं असो वा शिल्प, भट्टीची धग दोघांनाही सोसावी लागते. उलट कपाची परीक्षा रोजची. कड ओठाला टोचली, कान बोटांत बसला नाही, की संपलं. शिल्पाला फक्त बघून घ्यायचं असतं.

आपण गोमंतकीयांनी तरी हा भेद करू नये. आपलं घुमट काय आहे? कुंभारानं घडवलेलं, दोन्ही तोंडं उघडी असलेलं मडकंच ना? पाहावं तर शिल्प, आरतीला वाजवावं तर वाद्य. २०१९ मध्ये ते गोव्याचं वारसा वाद्य ठरलं. टाळ्या आपणही वाजवल्या. आणि चवथीच्या बाजारात त्याच कुंभाराशी दहा रुपयांसाठी घासाघीसही आपणच करतो.

कलेची जाण भिंतीजवळ उभं राहून कळत नाही. ती खिशात हात घालताना कळते.